मिस्त्रीची पहिली फेरी

त्या पाणबुडीच्या पोटात मी एकोणीस दिवस आडवी पडून होते. आडवी म्हणजे अक्षरशः आडवी, कारण तळाशी जिथे मला पोहोचायचं होतं तिथे धड बसायलाही जागा नव्हती. एका हातात तपासणीच्या यंत्राचं टोक, दुसऱ्या हातात जेलची बाटली, आणि कोपरांवर जळक्या रबराची काजळी. संध्याकाळी बाहेर आले की गोदीतली मांजरंसुद्धा माझ्यापासून चार हात लांब राहायची.

मी गोदीत पोलाद तपासते. डॉक्टर पोटाला जेल लावून सोनोग्राफी करतात, तसंच मी जहाजांच्या जाड पत्र्यांचं करते. जाडी किती उरली आहे, आत कुठे भेग आहे का, पोलाद पहिल्याइतकं कडक आहे का, एवढंच माझं काम. समुद्रपूरची मुलगी, जिनं शाळा संपेपर्यंत वणा नदीपेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं, ती नौदलाच्या गोदीत नेमकं काय करते हे आमच्या नातेवाइकांना अजून नीट कळलेलं नाही. एक मामा तर प्रत्येक लग्नात हटकून विचारतात, "पोहता येते का तुले आता?" नाही येत. पोलाद तपासायला पोहावं लागत नाही, असं मी सांगते आणि ते दरवेळी तितकंच हसतात.

ही पाणबुडी धक्क्याला बांधलेली असताना तिच्या बॅटऱ्यांच्या कप्प्यात आग लागली होती. माणूस एकही गेला नाही, हे आधीच सांगून टाकते. पण आग बराच वेळ धुमसत राहिली, आणि ती विझवायला जे पाणी आत सोडलं ते तळाशी साचून राहिलं. तापलेल्या पोलादावर गार पाणी पडलं की काय होतं ते आमच्या गावातला कोणताही लोहार सांगेल. कधी पोलाद जास्त कडक होऊन तडकतं, कधी त्याचा कडकपणाच निघून जातो. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हीकडे नुसता काळा पत्रा दिसतो.

प्रश्न साधा होता. ही पाणबुडी दुरुस्त करायची की मोडीत काढायची? त्यासाठी एक समिती बसली. कोणी इंजिन पाहत होतं, कोणी वायरिंग, कोणी यंत्रं. माझ्याकडे आतलं जाड कवच होतं. खोल गेल्यावर समुद्राचा सगळा भार याच कवचावर येतो. समितीच्या प्रमुखांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं होतं की वायरी नव्या टाकता येतात, बॅटऱ्या नव्या येतात, इंजिनही येईल. पण तळाचं कवच गेलं असेल तर बाकीचं सगळं करून उपयोग नाही. बाकीच्यांचे अहवाल माझ्या अहवालावर थांबले होते.

आणि माझा अहवाल तळहाताएवढ्या एका जागेवर थांबला होता. बॅटऱ्यांच्या कप्प्याखाली, कवचाला आतून आधार देणाऱ्या दोन कड्यांच्या मधे, जिथे आग सगळ्यात जास्त वेळ होती, तिथे मधे एक टाकी येत होती आणि यंत्राचं टोक पोहोचत नव्हतं. टाकी कापून काढायची तर निम्मी पाणबुडी उघडावी लागली असती. म्हणजे दुरुस्ती करायचीच असं आधी ठरवावं लागलं असतं, आणि तेच तर ठरवायचं होतं. मग मी चारही बाजूंनी मोजत मोजत आत सरकले. लांबचे कडकपणाचे आकडे छान होते. जवळ जात गेले तसे ते उतरत गेले. जिथे माझा हात संपला तिथला शेवटचा आकडा नियमात बसत होता, पण जेमतेम. पुढे ते काळं, न मोजलेलं पोलाद होतं.

त्या एकोणीस दिवसांत माझ्यासाठी टॉर्च धरायला एक दादा असायचे. ते त्याच पाणबुडीवरचे जुने नौसैनिक. पन्नाशी जवळ आलेली, नोकरीची शेवटची दोन-तीन वर्षं उरलेली. पहिले दोन दिवस आम्ही हिंदीत बोलत होतो. तिसऱ्या दिवशी यंत्राची वायर अडकली आणि मी पडल्या पडल्या तिच्यावर खेकसले, "काऊन त्रास देऊन राह्यली बे!" मागची टॉर्च हलली. "मॅडम," आवाज आला, "वर्धा जिल्हा का?"

ते केळझरचे निघाले. तेव्हापासून त्यांच्यासाठी मी 'मॅडम'ची 'ताई' झाले. त्यांचा झोपायचा कप्पा आगीच्या जागेपासून फार लांब नव्हता. गादी जळून गेली होती, पण भिंतीवर चिकटवलेला केळझरच्या गणपतीचा फोटो अर्धा शाबूत होता. तो त्यांनी काढला नव्हता. "बोट परत चालू झाली की नवा लावतो, तोवर राहू दे," म्हणायचे. पाणबुडीवरचे लोक पाणबुडीला बोटच म्हणतात. एकदा ते म्हणाले, "ताई, इच्यात मी जितका झोपलो ना, तितका घरी नाई झोपलो." रोज संध्याकाळी मी बाहेर सरकले की त्यांचा एकच प्रश्न असायचा, "काय म्हणते?" आजारी माणसाच्या खोलीतून डॉक्टर बाहेर आल्यावर घरचे विचारतात तसा. मी म्हणायची, बघू. मला त्यांच्या तोंडाकडे पाहून वाईट बोलवत नव्हतं, हे कबूल करते.

शेवटच्या बैठकीत मी कच्चा अहवाल वाचून दाखवला. न पोहोचलेल्या जागेबद्दल मी एक वाक्य लिहिलं होतं, की आजूबाजूची मोजमापं समाधानकारक आहेत. वाक्य खोटं नव्हतं. आकडे उतरत गेले हे मात्र त्या वाक्यात नव्हतं. ते मागच्या तक्त्यात होतं, आणि तक्ता कोणी उघडला नाही. एक वयस्क अधिकारी चष्मा काढून माझ्याकडे पाहत म्हणाले, "तुम्ही स्वतः जाल का तिच्यातून खाली?"

माझा स्वभाव तापट आहे. कोणी माझ्या कामाला बोट लावलं की मला सुचतं ते मी बोलते. "पहिल्या डुबकीला मी येते," मी म्हणाले.

खोलीत सगळे सैल झाले. कोणीतरी हसून टेबलावर थाप मारली. दुरुस्तीनंतर पाणबुडी पहिल्यांदा खोल नेतात तेव्हा गोदीतले एक-दोन जण बरोबर जातातच, त्यामुळे माझं म्हणणं काही अचाट नव्हतं. पण माझ्यासारखी पोहता न येणारी बाई उठून असं म्हणेल, हे त्यांना अपेक्षित नव्हतं. ही बातमी माझ्याआधी धक्क्यावर पोहोचली. संध्याकाळी पाणबुडीवरचे सगळे नौसैनिक, तीस-बत्तीस जण, माझ्या शेडपाशी आले. केळझरचे दादा पुढे. "ताई, आम्ही सगळे तयार आहो. एकबी मागं नाई."

मला भरून आलं. खरं सांगायचं तर त्या क्षणापर्यंत माझ्या मनात ती तळहाताएवढी जागा कुरतडत होती. त्या संध्याकाळी ती कुरतड थांबली. ज्यांना तिच्यात राहायचं आहे, ज्यांनी तिच्यात वर्षं काढली आहेत, त्यांचा तिच्यावर विश्वास आहे, मग शंका काढणारी मी कोण, असं मला वाटलं. पक्क्या अहवालावर सही सोमवारी करायची होती. तोवर आठ दिवसांची रजा मिळाली, आणि मी मोठ्या फुशारकीत घरी आले.

फुशारकी होती, कारण "पहिल्या डुबकीला मी येते" हे वाक्य माझं नव्हतंच. ते बाबांचं होतं.

बाबांचं समुद्रपूरला रस्त्याच्या कडेला गॅरेज होतं. सातवीपर्यंत शिकलेले, पण जीप, ट्रक, ट्रॅक्टर, काहीही त्यांच्या हातून सुटलं नाही. त्यांचा एक नियम होता. मोठं काम केलेली गाडी पहिल्यांदा रस्त्यावर निघाली की त्या फेरीत मिस्त्रीनं बसायचं. तेही नुसतं बसायचं नाही, जो भाग दुरुस्त केला असेल त्याच्या बरोबर वरच्या सीटवर बसायचं. समुद्रपूरच्या लोकांना हे ठाऊक होतं. गाडी उभी असली की आधी खिडकीतून पाहायचे, "मिस्त्री बसला का?" आणि मग चढायचे. मी लहान असताना मला त्याचा इतका अभिमान होता की शाळेत मी तो नियम आमच्या घरानंच शोधून काढला असं सांगायची.

मी सहा-सात वर्षांची असताना अशाच एका फेरीत अपघात झाला. एका मालकाची खाजगी बस होती, समुद्रपूर ते हिंगणघाट चालायची. जाम चौकाच्या अलीकडे नाल्याजवळ ती मागच्या बाजूनं बसली आणि कलंडली. बाबांचा उजवा खांदा मोडला. तो आजही वर जात नाही, सदरा घालताना आईला बाही धरावी लागते. त्यानंतर त्यांनी पहिली फेरी बंद केली. आमच्या घरात ही गोष्ट एकाच पद्धतीनं सांगितली जायची. मिस्त्री असा, की मोडक्या गाडीतसुद्धा लोकांबरोबर बसला.

तर, दुपारचं जेवण चाललं होतं. आईनं वांग्याचं भरीत आणि ज्वारीची भाकर केली होती. गुपितातलं काही न सांगता सांगता येण्यासारखं सगळं मी सांगितलं, हात न पोहोचलेल्या जागेसकट, आणि शेवटी ते वाक्य. आई म्हणाली, "पोहता येत नाई अन् चालली समुद्राच्या तळाले. हे पाहा आमची हुशार पोरगी!" मी हसले. बाबांच्या कौतुकाची वाट पाहत होते.

बाबांचा घास हातातच राहिला. "जिथं तुहा हात नाई पोचला," ते म्हणाले, "तिथचं काय?"

"आजूबाजूचं सगळं ठीक आहे, बाबा."

"ठीक आहे ते समजलं. जवळ जाता जाता आकडा घसरत गेलता का?"

समितीतल्या एवढ्या शिकलेल्या माणसांना जे विचारावंसं वाटलं नाही, ते या माणसानं भाकरीचा तुकडा हातात धरून विचारलं. मला राग आला. राग बहुतेक सापडल्याचा होता. "अहो बाबा, मी स्वतः जाणार आहे म्हटलं ना! तुमच्यासारखीच!"

त्यांनी ताटातच हात धुतला, अर्धी भाकर ठेवून. आमच्याकडे असं कोणी करत नाही. "उद्या अल्लीपूरले जाऊ," ते म्हणाले. "बाईकडे."

अल्लीपूरच्या बाई म्हणजे आमच्या नात्यातल्या नव्हेत. पण दर दिवाळीनंतर बाबा पिशवीभर संत्री घेऊन त्यांच्याकडे जायचे आणि मला बरोबर न्यायचे. बाई पूर्वी समुद्रपूरला भाड्यानं राहून हिंगणघाटच्या शाळेत शिकवत. पुढे निवृत्त होऊन आपल्या गावी, अल्लीपूरला राहायला गेल्या. त्यांचा उजवा हात कोपरात वाकत नसे. चहा त्या डाव्या हातानं ओतायच्या, आणि फळ्यावरही त्या पुढची सगळी वर्षं डाव्या हातानं तिरपं तिरपं लिहायच्या, असं त्यांच्या शाळेतल्या मुली सांगत. बाई त्या बसमध्ये होत्या आणि हात तिथेच गेला हे मला माहीत होतं. अपघातातली ओळख, म्हणून जाणं-येणं, एवढाच अर्थ मी लावला होता. त्यांच्या घरी मला नेहमी दोन लाडू मिळायचे, त्यामुळे जास्त अर्थ शोधायची गरजही पडली नाही.

या वेळी दिवाळी होऊन तीन महिने झाले होते. आम्ही हिंगणघाटला बस बदलून अल्लीपूरला पोहोचलो. वाटेभर बाबा खिडकीबाहेर पाहत होते. शेतात कापसाची शेवटची वेचणी चालली होती. त्यांनी संत्री घेतली नव्हती. ते मला विचित्र वाटलं, पण मी अजून रुसलेली होते, म्हणून विचारलं नाही.

बाई ओसरीवर बसून पेपर वाचत होत्या. "आज कसं काय, मिस्त्री?" त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे पाहून, "ही आली का समुद्रावरून!" त्यांनी चहा टाकला. बाबा खुर्चीवर न बसता ओसरीच्या काठावर बसले.

"बाई," बाबा म्हणाले, "त्या दिवशीची एक गोष्ट सांगाची राह्यली."

बाईंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"गाडीखालच्या चेसीच्या आडव्या पट्टीले भेग होती. केसासारखी. मले दिसलती. पट्टीच बदलाची होती, पण मग गाडी पंधरा दिवस उभी राह्यली असती. ते गाडी मीच दोन वर्षं खपून उभी केलती, लोकं तिले माहीच गाडी म्हणत. मले तिले उभी पाहाची नव्हती. मी भेगीवर वेल्डिंग मारलं अन् वर जाऊन बसलो." ते थांबले. "तुम्ही दारात उभ्या राहून विचारलं होतं, मिस्त्री, बसू का? मी म्हटलं, बसा ना जी, मी बसून आहो."

मी बाबांकडे पाहत राहिले. माझ्या घरातली एवढ्या वर्षांची गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर उलटी झाली.

बाईंनी पेपराची घडी घातली. मग म्हणाल्या, "मले माहीत आहे."

बाबांनी मान वर केली.

"भेगीचं नाई माहीत. पण मी तुमच्या बाजूच्याच सीटवर होती. तुमचे दोन्ही हात समोरच्या दांडीवर होते. बोटं पांढरी पडली होती इतकी घट्ट. मले समजलं, या माणसाले भीती वाटून राह्यली. उतरावं असं मनात आलं होतं माह्या. गाडी सुरू व्हायची होती अजून."

"मग काऊन नाई उतरल्या तुम्ही?" बाबा म्हणाले.

"तुम्ही बसून असताना मी उतरली असती तर लोकं काय म्हणले असते? बाईचा मिस्त्रीवर भरोसा नाई. सगळ्या गावासमोर तुमचा अपमान झाला असता. म्हणून बसून राह्यली." त्या जराशा हसल्या, कडवट नव्हे, स्वतःवरच. "एवढ्याशा मुलाहिज्यासाठी."

बाबा रडले. मी त्यांना त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. खांदा वर जात नसल्यानं त्यांना डाव्या हातानं डोळे पुसावे लागले, आणि समोर बाई डाव्या हातानं चहा गाळत होत्या. "दर दिवाळीले मी वाट पाहायची," बाई म्हणाल्या, "की यंदा सांगता का. घ्या आता, थंडा होऊन राह्यला." बाबांनी कप घेतला. मला लाडू मिळाले. मी दोन्ही खाल्ले, कारण दुसरं काय करावं ते मला कळत नव्हतं.

परतीच्या बसची वाट पाहताना बाबा स्टॉपच्या कठड्यावर बसले. त्यांचा चेहरा धुतल्यासारखा झाला होता. "मी बसलो, ते सगळ्याईनं पाह्यलं," ते म्हणाले. "पण बसाले काय लागते, बेटा? हिंमत लागते, नाहीतर हट्ट लागते. माह्यापाशी दोन्ही होते. पण त्यानं चेसी नाई जुळत. लोकं मले पाहून बसले, अन् ते बसले ते पाहून मलेबी वाटलं, राहीन गाडी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "तू जाशील तिच्यात, ते मले माहीत आहे. तू माहीच पोरगी आहे. म्हणूनच भेव वाटून राह्यलं."

शेवटचा आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता. त्याच्या आधीचा, आणि त्याच्याही आधीचा. तीन आकडे ओळीनं उतरत गेलेले. चौथा न मोजताही मला माहीत होता. तो पहिल्या दिवसापासून माहीत होता, आणि मी तो तक्त्यात मागे टाकून वर एक बरं दिसणारं वाक्य लिहिलं होतं. ती जागा मऊ झाली असेल तर पाणबुडी दुरुस्तीच्या पलीकडे गेली आहे. नसेल, असं म्हणायला माझ्याकडे माझ्या हट्टाशिवाय दुसरा आधार नव्हता. त्या स्टॉपवरच माझं ठरलं.

नियमानं मी कोणाला काही सांगायला नको होतं. पण केळझरचे दादाही रजेवर घरी आलेले होते, आणि त्यांना ही गोष्ट नोटीस बोर्डावर वाचायला लावणं मला जमलं नसतं. रजेच्या शेवटच्या दिवशी मी केळझरला गेले. त्यांचं घर गणपतीच्या टेकडीकडे जाणाऱ्या रस्त्याला. अंगणात तुरीच्या शेंगा वाळत घातलेल्या, आणि दादा नुसत्या बनियनवर त्या शेंगा काठीनं झोडपत होते. मला पाहून त्यांनी धावत जाऊन शर्ट घातला. वहिनींनी खाट टाकली. दादांचा पहिला प्रश्न तोच होता, "काय म्हणते, ताई?"

"दादा, मी दुरुस्तीयोग्य नाही असं लिहिणार आहे."

ते हसले. मी थट्टा करते आहे असं त्यांना वाटलं. मग हसू गेलं. "त्या दिवशी तर ठीक होती!"

मी त्यांना आकडे सांगितले. टॉर्च त्यांनीच धरलेली होती, त्यामुळे जागा समजावून सांगावी लागली नाही. माझं वाक्य कसं लिहिलं होतं तेही सांगितलं, आणि ते लिहायला नको होतं हेही. माफी मागितली. ते खाली बसले आणि तुरीची एक शेंग उचलून सोलत राहिले, दाणे निघून गेले तरी टरफल सोलत राहिले. घरचं कोणी गेलं तर जसं वाटेल तसं त्यांना वाटत असणार, आणि ते मी केलं होतं.

"तुम्ही येणार होत्या ना पण? पहिल्या डुबकीले?"

"आले असते. आजही येईन. पण मी आल्यानं ती जागा मजबूत होत नाही, दादा. तुम्हां सगळ्यांचा तिच्यावर इतका विश्वास पाहून मलाही वाटलं..."

"आमचा?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ताई, त्या दिवशी सकाळी आम्ही आठ जणाईनं अर्ज लिहिलते. आम्हाले दुसऱ्या बोटीवर टाका म्हणून. माहाबी होता त्याच्यात. आग पाह्यली होती आम्ही आतून. बाकीचे लिहिणारच होते." ते टरफलाकडे पाहत म्हणाले, "तुम्ही येता म्हटलं, अन् सगळ्याईनं फाडले."

मला वाटलं होतं की मी त्यांच्या विश्वासावर उभी आहे. ते माझ्या विश्वासावर उभे होते. मधे पोलाद कोणीच पाहत नव्हतं. मला तिथे खाटेवर बसवेना आणि उठवेनाही.

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "ह्याईनं फोन केलता मले अर्जाचं सांगाले," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मलेच पटलं नाई. मीच म्हटलं, आपल्या जिल्ह्याची पोरगी जाऊन राह्यली तिच्यात, अन् तुम्ही काऊन मागं राह्यता?" एवढं बोलून त्यांनी पदर तोंडाला लावला आणि त्या आत गेल्या. आत भांड्यांचा आवाज आला, मग तोही थांबला.

दादा उठले. शर्टाची वरची गुंडी लावली, जणू कुठे हजर व्हायचं आहे. "सही कधी?"

"सोमवारी."

"मग सोमवारी, सहीच्या आधी, मले एकदा आत जाऊ देजा. फोटो काढाचा राह्यला."

सोमवारी सकाळी आम्ही दोघं खाली उतरलो. गणपतीच्या फोटोची चिकटपट्टी उष्णतेनं भिंतीशी एकजीव झाली होती. दादा जळक्या कप्प्यात आडवे पडून नखानं ती हळूहळू सोडवत होते, अर्धाच उरलेला कागद फाटू नये म्हणून. बराच वेळ लागला. या वेळी टॉर्च मी धरली होती. मग मी वर आले आणि सही केली.